डॉक्टरना आजार विचारू नका, काम सांगा

सोमवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला की नाव बघायच्या आधीच मला कळतंय, कुणाचा तरी खाडा. "मॅडम, अंगात ताप हाय ओ, आज येत नाही." बेळगावच्या उद्यमबागमध्ये आमची छोटी फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, आणि तिला लागूनच मशीन शॉप, सगळी मिळून पंचेचाळीस-पन्नास माणसं, आणि मस्टर, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) हे सगळं माझ्या टेबलावर. बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत कामगारांच्या आजारपणाच्या रजेत मी जेवढ्या चुका केल्यात तेवढ्या दुसऱ्या कशात केल्या नसतील, त्यातून जे शिकले ते लिहितेय. मच्छे, होनग्याच्या युनिटवाल्यांना उपयोगी पडेल, शहापूर-वडगावच्या लूमवाल्यांना पण, खडेबाजारात चार माणसं ठेवून दुकान चालवणाऱ्यांना ईएसआयचा भाग सोडून बाकीचं चालेल.

आधी माझी सगळ्यात मोठी चूक सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचा शेकआउटवरचा एक माणूस, पन्नाशीचा, यळ्ळूरकडून सायकलनं येणारा. चार महिन्यात तीन वेळा चिठ्ठी आणली, तिन्हीवर तेच, 'पाठदुखी, पाच दिवस विश्रांती'. मालक म्हणाले जरा बघा की काय भानगड आहे ती, म्हणून मी सरळ चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला आणि अनगोळच्या त्या डॉक्टरना विचारलं की याला नेमकं झालंय काय, खरंच आजारी आहे का. डॉक्टर शांत माणूस, पण असे तापले! "ओ ताई, पेशंटचं काय झालंय ते मी तुम्हाला का सांगू? त्यानं सांगायला सांगितलंय का?" मी गप्पच. मग तेच म्हणाले, "त्यापेक्षा तुम्ही मला सांगा, तो तुमच्याकडं करतो काय?" मी सांगितलं, गरम साचे फोडून त्यातनं कास्टिंग बाहेर काढायची, वाकून, दिवसभर, वीस-पंचवीस किलोचा एकेक नग. पलीकडं जरा वेळ आवाजच नाही. "दहा वर्षं येतोय माझ्याकडं. मी समजत होतो वॉचमन आहे. उद्यमबागला कामाला एवढंच म्हणतोय तो."

म्हणजे त्या डॉक्टरनी दहा वर्षं वॉचमनच्या पाठीला औषध दिलं. पाच दिवस झोपून माणूस बरा व्हायचा आणि सहाव्या दिवशी परत जाऊन वाकायचा. चिठ्ठी खोटी नव्हती, डॉक्टर चुकीचे नव्हते, माणूस पण कामचुकार नव्हता, तिघांच्या मध्ये जी माहिती फिरायला पाहिजे होती ती कुठंच फिरत नव्हती आणि ती फिरवायचं काम माझं होतं.

पहिला फोन

नियम एकच ठेवा, शिफ्टच्या अर्धा तास आधी फोन, एकाच माणसाला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. आमच्याकडं आधी ग्रुपवर टाकायचे, एकानं 'पोट बिघडलंय' लिहिलं की खाली वीस जणांची चेष्टा, आणि कोअर शॉपमधल्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या) बायकांची तर पंचाईतच, त्या काय लिहिणार तिथं? बाई 'बरं नाही' म्हणाली की बास, पुढं विचारायचं नाही.

फोनवर मी काय विचारते तर साधारण किती दिवस वाटतंय, हातातलं काम कुठपर्यंत आलंय आणि दुसऱ्या कुणाला काय सांगायचंय, डॉक्टरला दाखवलंस का. काय झालंय ते विचारत नाही, त्यानं आपणहून सांगितलं तर ऐकून घेते पण मस्टरवर लिहीत नाही. चौथ्या दिवशी अजून आला नसेल तर मी स्वतः फोन करते आणि फोरमनना करू देत नाही, कारण फोरमननी कितीही गोड बोलायचं ठरवलं तरी तिसऱ्या वाक्याला डिस्पॅच येतोच.

एक-दोन दिवसांच्या आजाराला चिठ्ठी मागायची का, यावर आमच्या मालकांशी माझं वर्षभर चाललं होतं. माझी मावसबहीण इंग्लंडला लेस्टरमध्ये असते, तिच्याकडून कळलं की तिकडं आजारपणाचे पहिले सात दिवस माणसानं स्वतःच लिहून द्यायचं, डॉक्टरची चिठ्ठी लागतच नाही. त्यापुढं लागते, आणि तिला २०१० पासून फिट नोट म्हणतात, म्हणजे आजारी असल्याची नाही, काय जमेल त्याची चिठ्ठी. त्यावर 'कामाला योग्य नाही' आणि 'या अटींवर योग्य असू शकेल' असे दोन पर्याय, खाली चार चौकोन, हळूहळू परत येणं, वेळ बदलणं, काम बदलणं, जागेवर सोय करणं. आपल्याकडं सात दिवस कोण देणार, पण आम्ही दोन दिवसांपर्यंत चिठ्ठी मागायची बंद केली, एक साधा फॉर्म, मराठी आणि कन्नड दोन्हीत, त्यावर सही. झालं काय, की खाडे वाढायच्या ऐवजी थोडे कमीच झाले. कारण साधं आहे, एका दिवसाच्या तापाला चिठ्ठी मागितली की माणूस पैसे घालून डॉक्टरकडं जाणार, आणि गेलाच आहे तर तीन दिवसांची घेऊन येणार.

आणि हो, लावणी, सुगी आणि जत्रा. आपल्या भागात हे न बोलता आजारपणाचं बोलणं म्हणजे मीठ न घालता आमटी. जुलैत रोपलावणी सुरू झाली की यळ्ळूर, धामणे, मच्छे सगळीकडच्या माणसांना एकदम ताप येतो. तो ताप मोडायला डॉक्टर लागत नाही, कॅलेंडर लागतं. आम्ही मे महिन्यातच विचारून घेतो, लावणीला कुणाला किती दिवस पाहिजेत, गावची महालक्ष्मी जत्रा यंदा कुणाकडं आहे, सौंदत्तीला कोण जाणार, आणि पीएल (हक्काची पगारी रजा) आधीच लावून टाकतो. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, त्यावरून भांडणंही होतात, पण निदान खरं बोलून होतात.

चिठ्ठी हातात आल्यावर

चिठ्ठीवर एवढं बघा, कामगाराचं पूर्ण नाव, कुठल्या तारखेला तपासलं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, डॉक्टरची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. आपण बॉर्डरवरचे, चंदगडकडून येणारी माणसं असतात, ऑपरेशनला मिरजेला कोल्हापूरला जाणारी असतात, त्यामुळं नंबर कर्नाटकाचा असेल किंवा महाराष्ट्राचा, दोन्ही चालतात. बीएएमएस डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही असं काही ऑफिसात सांगत्यात ते चूक आहे, रजिस्टर्ड आयुर्वेदिक डॉक्टरला आजारपणाचं आणि फिटनेसचं सर्टिफिकेट द्यायचा कायद्यानं अधिकार आहे. आणि खेडेगावात फॅमिली डॉक्टर म्हणजे बहुतेक तेच.

संशय आला तर? आजार विचारू नका. कंपनीच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहा, अमुक तारखेचं अमुक नावाचं सर्टिफिकेट तुमच्याकडून दिलं गेलंय का. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, म्हणजे २००२ चे जे नियम आहेत त्यात, दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची असते, त्यामुळं हो किंवा नाही सांगायला त्यांना अडचण नसते. त्याच नियमात पेशंटचं गुपित बाहेर सांगायचं नाही हेही आहे, आणि खोटं सर्टिफिकेट दिलं तर रजिस्ट्रेशनवर येऊ शकतं हेही. माझ्या बारा वर्षात अशी दोन पत्रं गेली, एकाचं उत्तर आलं 'सही माझी नाही'. त्या पोरानं गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात शिक्का करून घेतला होता! त्याच्यावर रीतसर चौकशी केली, पण हे पन्नासात एक, बाकी एकोणपन्नास जणांना चोर समजून सिस्टिम बांधू नका.

मागच्या तारखेची चिठ्ठी मागायची सवय मात्र आपली आहे, डॉक्टरची नाही. "मॅडमनी सांगितलंय चार दिवसांची पाहिजे, लिहा की ओ." माणूस पाचव्या दिवशी पहिल्यांदा आला तर डॉक्टर आजची तारीख घालून फार तर 'पेशंटच्या सांगण्यावरून अमुक तारखेपासून त्रास' एवढं लिहू शकतो. असं लिहिलेलं आलं तर ते प्रामाणिक समजा आणि घ्या.

डॉक्टरना पत्र

आता मुख्य काम. अनगोळच्या त्या फोननंतर मी अर्ध्या पानाचं पत्र तयार केलं, एकेका खात्यासाठी वेगळं. आठवड्यापेक्षा जास्त आजार असेल, किंवा तोच त्रास दुसऱ्यांदा झाला असेल, तर ते कामगाराच्या हातात देते. फेटलिंगचं, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या खात्याचं, असं आहे:

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. हे आमच्याकडे फेटलिंग खात्यात काम करतात. आठ तासांची पाळी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. कामात हातात ग्राइंडर धरून उभं राहावं लागतं, १५ ते २० किलोची कास्टिंग टेबलावर चढवावी लागते. वाळूची बारीक धूळ असते, मोठा आवाज असतो, उन्हाळ्यात उष्णता जास्त. कृपया आजाराचं नाव लिहू नये. एवढंच कळवावं की सध्या कामावर येऊ शकतात का, येऊ शकत असतील तर काय टाळावं आणि ते किती दिवस, आणि परत तुम्हाला कधी दाखवावं."

खाली मी छोट्या ओळी छापल्यात, वजन किती किलोपर्यंत, सलग उभं किती वेळ, धूळ, उष्णता, रात्रपाळी, क्रेन किंवा उंचीवरचं काम, समोर डॉक्टरनी हो-नाही करायचं. आणि सगळ्यात खाली कामगाराची सही, 'एवढी माहिती कंपनीला द्यायला माझी हरकत नाही'. ही ओळ त्याला वाचता येईल त्या भाषेत पाहिजे, इंग्लिशमध्ये ठेवून सही घेतली तर त्या सहीला काय अर्थ? सही करायची नसेल तर करायची नाही, त्यावरून त्याला कुणी काही बोलायचं नाही.

दोन गोष्टी यात महत्त्वाच्या. पत्र कामगाराच्या हातानं जातं आणि त्याच्याच हातानं येतं, म्हणजे डॉक्टरनी काय लिहिलंय ते आधी त्याला कळतं. आणि फी कंपनी देते. डॉक्टरच्या दारात चाळीस पेशंट बसलेले असतात, तुमच्या फॉर्मला त्यानं दहा मिनिटं फुकट का द्यावी?

'हलकं काम द्यावे' असं मोघम लिहून आलं तर तसंच फाईलला लावू नका, परत पाठवा. आमच्याकडं हर्नियाच्या ऑपरेशननंतर एकजण 'लाइट वर्क' लिहून घेऊन आला, फोरमननी त्याला मोठ्या ग्राइंडरवरून छोट्या ग्राइंडरवर बसवलं, आता हे हलकंच की. पण नग उचलायचा तोच होता. तिसऱ्या दिवशी तो पोट धरून बसला. मग डॉक्टरकडून लिहून आलं, सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. एवढं कळलं असतं तर पहिल्याच दिवशी त्याला इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेज घेऊन बसवलं असतं.

ईएसआयचा घोळ

इथं सगळ्यात जास्त पैसे बुडतात आणि तेही कामगाराचे, म्हणून जरा लांब लिहिते.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येकजण ईएसआयमध्ये येतो. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. कामगाराला वाटतं ते पैसे गेले, कारण दाखवायला जातो तो घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडं. ठीक आहे, विश्वास तिथं आहे, जाऊ दे. पण आजारपणाच्या दिवसांचे पैसे पाहिजेत तर सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं, डिस्पेन्सरीचं नाहीतर अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलचं. फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते आपोआप मिळत नाहीत. आमच्यातले निम्मे लोक आठवडाभर घरच्या डॉक्टरकडं काढतात आणि आठव्या दिवशी ईएसआयला जातात, मग मागचा आठवडा कोण देणार. म्हणून पहिल्या फोनलाच मी सांगते, औषध कुणाचंही घे, पण आज-उद्या डिस्पेन्सरीत तोंड दाखवून ये, पहिलं सर्टिफिकेट घे, मध्ये बोलावलं तर मधलं, आणि कामावर यायच्या आधी शेवटचं फिटनेसचं. कन्नड न येणारा किंवा घाबरणारा असेल तर बरोबर कुणाला तरी पाठवते, तिथं रांगेत दुसऱ्याला विचारत बसला की नंबर जातो.

मिळतं किती, तर सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत, पंधरा दिवसांच्या आत परत आजारी पडला तर ते दोन दिवस परत कापत नाहीत. समजा रोज ५०० पडतो आणि दहा दिवस आजारी, तर आठ दिवसांचे ३५० प्रमाणे २,८०० रुपये थेट बँकेत. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. एप्रिल ते सप्टेंबर भरलं तर त्याचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. नवीन माणसाला हे आधीच सांगा, नाहीतर तो तिसऱ्या महिन्यात आजारी पडतो आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून तुमच्याशी भांडतो.

कामावर इजा झाली असेल तर हिशेब वेगळा, ९० टक्के, आणि ७८ दिवसांची अटही नाही. त्यामुळं बोट चेचलं तर 'घरी पडलो म्हणून सांग' असली अक्कल कुणी काढू नका, अपघाताचा रिपोर्ट लगेच भरा. खोटं लिहून तुम्ही त्याचे पैसे खाताय.

ज्या दिवसाचा पगार किंवा पगारी रजा दिली त्या दिवसाचा ईएसआय लाभ मिळत नाही. मी सुरुवातीला चांगुलपणा म्हणून एकाची पीएल पण लावली आणि क्लेम पण टाकला, मग ईएसआय ऑफिसकडून तो खरंच गैरहजर होता का म्हणून विचारणा आली आणि सगळं निस्तरता निस्तरता दोन महिने गेले. ती विचारणा आली की त्याच आठवड्यात उत्तर द्या, तुमच्या टेबलावर कागद पडून राहिला तर तिकडं त्याचं घर थांबतं. याच कारणानं अर्ध्या पाळीवर बोलावताना आधी हिशेब करा, काम केलेल्या दिवसाला लाभ नाही, म्हणजे अर्ध्या पाळीला अर्धाच पगार दिला तर माणूस घरी बसण्यापेक्षा कमी कमावतो! आम्ही पहिले दोन आठवडे अर्धी पाळी, पूर्ण पगार असं करतो.

आजार लांबणारा असेल, टीबी, कॅन्सर, पॅरालिसिस वगैरे, तर ९१ दिवसांवर थांबायचं कारण नाही. ३४ लांबच्या आजारांची यादी आहे, त्यात ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत मिळतं, दोन वर्षं सलग नोकरी आणि आधीच्या चार सहामाहीत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असली पाहिजे. हे कामगाराला कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

२१,००० च्या वरचे सुपरवायझर लोक यात नाहीत, त्यांच्यासाठी कंपनीची सिक लिव्ह आणि मेडिक्लेम काय ती बघा. दुकानं आणि ऑफिसांना कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकान कायद्यात वर्षाला १२ दिवस पगारी आजारपणाची रजा आहे, खडेबाजारवाल्यांनी हे एकदा वाचावं.

खाडे मोजायचे कसे

एक्सेलमध्ये ब्रॅडफर्ड म्हणून एक सूत्र चालतं, वर्षात किती वेळा आजारी पडला त्याचा वर्ग गुणिले एकूण दिवस. एकदाच दहा दिवस पडला तर १ गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १०. दहा वेळा एकेक दिवस, तर १० गुणिले १० गुणिले १०, म्हणजे १,०००. तुटक खाडे लाइनला जास्त लागतात, म्हणून. मी ते एकदा मोठ्या हौशीनं लावलं. पाय मोडून दोन महिने घरी बसलेल्याचा आकडा आला ६०, आणि मुतखड्यानं पाच वेळा मिळून सात दिवस गेलेल्याचा आला १७५. मालक लगेच म्हणाले याला नोटीस काढा. आता मुतखडा काय विचारून येतो? तेव्हापासून तो आकडा मी फक्त 'याच्याशी बोलायचं' एवढ्यापुरता बघते, नोटिशीसाठी नाही. त्या माणसाला पाण्याची बाटली फर्नेसजवळ न्यायची परवानगी नव्हती, ती दिली, हा त्या आकड्याचा खरा उपयोग.

कोण गेला यापेक्षा कुठनं गेला बघा. सहा महिन्यांचे खाडे खात्याप्रमाणे लावले की फेटलिंगला खोकला, शेकआउटला पाठ, सीएनसी मशीनवाल्यांच्या हाताला कूलंटची (मशीन थंड ठेवायच्या द्रवाची) खाज, असं आपोआप दिसतं.

परत आल्यावर, आणि नाही आला तर

परत आलेल्या दिवशी दहा मिनिटं, चहा, माझ्या केबिनमध्ये, फोरमन बाहेर. डॉक्टरनी काय टाळायला सांगितलंय ते वाचून घ्यायचं आणि फोरमनला फक्त तेवढंच सांगायचं, पाच किलोच्या वर उचलायचं नाही, कशामुळं ते नाही. टीबीच्या बाबतीत तर जास्तच जपा. उपचार साधारण सहा महिने चालतात पण सहा महिने घरी बसावं लागत नाही, नीट औषध सुरू झाल्यावर माणूस कधी कामाला येऊ शकतो ते डॉक्टर सांगतात. आमच्या एकाची गोष्ट कँटीनमध्ये फुटली आणि त्याचा ग्लास वेगळा ठेवला लोकांनी. फुटली माझ्याच टेबलावरून, सर्टिफिकेट उघडं पडलं होतं. तेव्हापासून वैद्यकीय कागद हजेरीच्या फाईलला लागत नाहीत, वेगळ्या कपाटात, किल्ली माझ्याकडं. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, नोकरीसाठी टेस्ट मागता येत नाही आणि त्यावरून काढताही येत नाही.

माणूस आलाच नाही, फोन पण उचलत नाही, तर आधी घरी माणूस पाठवा. मी एकदा न पाठवताच कारणे दाखवा नोटीस काढली, ती 'घर बंद' म्हणून परत आली, दुसरी काढली. तो मिरजेला आयसीयूत होता आणि बायको तिथंच पायऱ्यांवर झोपत होती. पुढं ती पाकिटं त्यानं आणून माझ्यासमोर ठेवली, काही बोलला नाही. ईएसआयचा लाभ घेत असलेल्या माणसाला त्या काळात काढता येत नाही, आणि एरवीसुद्धा इतके दिवस आला नाही म्हणून आपोआप नाव कमी, असं चालत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्येच सांगितलंय की म्हणणं मांडायची संधी आणि चौकशी पाहिजे. स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमावलीत, तसं छापलेलं असलं तरी.

डॉक्टरना बोलवा

तुमची निम्मी माणसं ज्यांच्याकडं जातात असे चार-पाच फॅमिली डॉक्टर असतात, चिठ्ठ्यांवरून कळतंच. त्यांना वर्षातून एकदा आत बोलवा. आम्ही खंडेनवमीला बोलावलं, मशीनची पूजा असते, सगळे धुतलेल्या कपड्यात असतात, कुणाला तपासणीला आल्यासारखं वाटत नाही. अनगोळचे डॉक्टर आले, पेढा खाल्ला, आणि म्हणाले ते शेकआउट मला बघायचंय. पूजेचा दिवस, काम बंद, तरी ते वाळूच्या ढिगाजवळ जाऊन उभे राहिले, खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं आणि ते बोट बघत मला विचारलं, "फेटलिंगवाल्यांचा छातीचा एक्सरे शेवटचा कधी काढला?"

वर्षाचा चेकअप आम्ही करत होतो. वजन, बीपी, डोळे, सही, शिक्का. एक्सरे नाही. डॉक्टरनी मला तिथंच उभं राहून सांगितलं की या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, आणि टीबी खोकल्यावरून सारखाच वाटतो, आणि पेशंट धुळीत काम करतो हे सांगितलंच नाही तर डॉक्टर टीबीच्या मागं जातो. मला ते चार महिन्यात तीन चिठ्ठ्यावाले आठवले.

पुढच्या आठवड्यात फेटलिंग आणि शेकआउटच्या अकराही जणांचे एक्सरे काढले. मालकांनी बिल दोनदा वाचलं, पेन शोधलं, सापडेना, मग माझंच घेतलं आणि सही केली.